दिसलं, दिसलं, जा पुढे

महामारीच्या दुसऱ्या वर्षात मॉलच्या दारात जो नाट्यप्रवेश अखंड चालू असे, त्याचे संवाद ठरलेले होते. सुरक्षारक्षक म्हणायचा, "सर्टिफिकेट दाखवा." आलेले गृहस्थ, एका हातात पिशवी, दुसऱ्यात मोबाइल, मास्कमुळे चष्म्यावर वाफ, अशा अवस्थेत फोनची गॅलरी उघडायचे. आधी नातवाचे फोटो, मग सुप्रभातचे गुलाब, मग विजेचं बिल, मग कुणाच्या तरी गुडघ्याचा एक्स-रे. मागून रांग ओरडायची, "काका, चला की!" एकदाचं लसीकरण प्रमाणपत्राचं ते पांढरं पान सापडून गृहस्थ ते दोन बोटांनी मोठं करायला लागले, की रक्षक भलतीकडेच बघत म्हणायचा, "दिसलं, दिसलं, जा पुढे." त्यानंतर कपाळावर तापमापकाचं पिस्तूल रोखलं जायचं. ते तेहतीस अंश दाखवायचं. या तापमानाचा माणूस वैद्यकशास्त्राप्रमाणे स्वतःच्या पायांनी मॉलमध्ये येत नाही, पण त्यावर कुणाची हरकत नसे. शेवटी रजिस्टर. त्यात अख्ख्या शहराने हात लावलेल्या, दोऱ्याने बांधलेल्या पेनाने नाव आणि मोबाइल नंबर लिहायचा, म्हणजे मागच्या माणसाला आपण कोण ते वाचता येतं. संसर्ग थांबवण्यासाठी उभ्या केलेल्या या व्यवस्थेत सगळ्यात वेगाने पसरत होती ती आपली माहिती. ज्यांना जे कळायची गरज नव्हती ते त्यांना सगळं कळत होतं, आणि जे कळावं म्हणून हा खटाटोप, ते कुणालाच कळत नव्हतं.

त्या पानावर काय काय होतं, ते शांतपणे वाचायचा योग फार थोड्यांना आला. नाव, वय, लिंग, ओळखीसाठी दिलेल्या आधारचे शेवटचे चार आकडे, लाभार्थी क्रमांक, कुठली लस, कुठल्या दिवशी, कुठल्या केंद्रावर आणि ती कुणी टोचली त्या व्यक्तीचंही नाव. म्हणजे दिवसभर उभं राहून शेकडो दंड टोचणाऱ्या परिचारिकेचं नाव, तिला कुणी न विचारता, लग्नाच्या हॉलपासून विमानतळापर्यंत फिरून आलं. आधार देऊन नोंदणी केलेल्या अनेकांना आपल्या नावाने एक आरोग्य ओळख क्रमांक तयार झाल्याचं त्या पानावरच समजलं. गेले होते लस घ्यायला, आले क्रमांक घेऊन. दारावरच्या माणसाचा प्रश्न मात्र एवढाच होता, की याला आत सोडू की नको. उत्तर 'हो' किंवा 'नाही'. त्यासाठी आपण त्याला आपलं अर्धं चरित्र वाचायला देत होतो, आणि तो बिचारा ते वाचत नव्हता, हीच काय ती आपली सुरक्षितता.

आता न्यायाने बोलायचं तर प्रमाणपत्राची घडण कच्ची नव्हती. कोविन या सरकारी लसीकरण व्यवस्थेची प्रमाणपत्रं ज्या 'डिव्होक' प्रणालीवर निघत, ती बंगळुरूच्या ई-गव्हर्नमेंट्स फाउंडेशनने तयार केलेली आणि सर्वांना खुली होती. श्रीलंका आणि फिलिपिन्सनेही ती घेतली. क्यूआर कोडच्या त्या काळ्या-पांढऱ्या चौकोनात सगळा मजकूर होता आणि त्याखाली सरकारजवळच्या गुप्त किल्लीने केलेली अंकीय सही. मजकुरातलं एक अक्षर बदललं तरी सही जुळत नाही, इतकी ती पक्की. आपल्याकडच्या बऱ्याच सुशिक्षितांचा घोळ इथेच होतो. चौकोन दिसायला गूढ असल्यामुळे त्यात मजकूर कुलूपबंद आहे असं त्यांना वाटतं. प्रत्यक्षात ते सही केलेलं पोस्टकार्ड आहे. लिहिणारा कोण याची खात्री पटते, पण वाटेत पोस्टमन, शेजारी आणि शेजाऱ्याचा मेहुणा सगळे वाचू शकतात. सही पडताळायला कोविनचं खास संकेतस्थळ होतं आणि त्याचा पत्ता प्रमाणपत्रावरच छापलेला होता. तो कुणी वाचला नाही. एखाद्या उत्साही रक्षकाने फोनमधल्या साध्या स्कॅनरने चौकोन टिपलाच, तर आतला मजकूर दाबून भरलेला असल्यामुळे 'पीके' अशा अक्षरांनी सुरू होणारी अगम्य ओळ पडद्यावर यायची. "साहेब, हे पीके-बिके काय आलंय?" "पिक्चरचं असेल." "बरं, जा पुढे." गणितज्ञांनी पन्नास वर्षं झिजून उभं केलेलं सहीचं शास्त्र असं आमिर खानच्या खात्यावर जमा व्हायचं.

सही राहिली बाजूला, फोटो तरी बघावा. ओळख पटवण्याच्या कागदावर ज्याचा कागद त्याचा फोटो असतो, अशी जगभर एक समजूत आहे. आपल्या प्रमाणपत्रावर पंतप्रधानांचा होता. त्यावरून केरळ उच्च न्यायालयात याचिका झाली. डिसेंबर २०२१ मध्ये ती फेटाळताना न्यायालयाने याचिकाकर्त्याला एक लाख रुपयांचा दंड केला. पुढे खंडपीठाने तो पंचवीस हजारांवर आणला. तेव्हा राजकारणाच्या अंगाने इथे काही बोलणं नाही. या लेखाचं मानधन त्या सवलतीच्या रकमेलाही पुरणारं नाही. सुरक्षेच्या अंगाने मात्र म्हणता येतं, की फोटो आणि चेहरा जुळवूनच आत सोडायचं असा नियम कडक पाळला असता, तर सबंध देशात एकच गृहस्थ मॉलमध्ये जाऊ शकले असते. बाकीच्यांनी सोबत फोटोचं ओळखपत्र दाखवावं, असं कागदोपत्री ठरलं होतं. ते कुणी मागितलं नाही. भावाच्या प्रमाणपत्रावर भाऊ आणि सासऱ्यांच्या प्रमाणपत्रावर जावई निर्धास्त फिरू शकत होता. अट एकच, आत्मविश्वासाने फोन पुढे करायचा.

डिजिटल गोष्टीला कागदाचा मोह कसा सुटत नाही, हे मुंबईच्या लोकलने दाखवलं. दोन मात्रा आणि त्यानंतर चौदा दिवस पूर्ण झालेल्यांना १५ ऑगस्ट २०२१ पासून लोकलची दारं उघडली. त्याआधी चार दिवस पालिकेने आपल्या हद्दीतल्या ५३ स्थानकांवर पडताळणीची टेबलं लावली. तिथे प्रमाणपत्र दाखवायचं, त्यावर शिक्का मारून घ्यायचा, मग तो शिक्का तिकीट खिडकीवर दाखवून महिन्याचा पास काढायचा. अशा टेबलावरच्या युक्तिवादाला तोड नसते. "मोबाइलमध्ये आहे." "झेरॉक्स आणा." "अहो, क्यूआर आहे, स्कॅन करा ना." "झेरॉक्सवर शिक्का बसतो, मोबाइलवर बसत नाही." यापुढे जगातलं कुठलंही तंत्रज्ञान निरुत्तर होतं. टेबलापलीकडच्या माणसांना हसणंही बरं नव्हे. महामारीआधी रोज पंचाहत्तर लाखांवर माणसं ज्या गाड्यांत कोंबली जात, त्यांच्या दारावर तुम्ही-आम्ही बसलो असतो तर आपणही शिक्काच मारला असता. पण परिणाम काय झाला? ज्या कागदाची किंमत फक्त त्याच्या अंकीय सहीत होती, त्याची सही न बघता त्यावर शाईचा शिक्का उमटला आणि विश्वास बसला तो शिक्क्यावर.

इथे कुणी म्हणेल, की तपासणी नीट केली असती तर सगळं ठीक झालं असतं. नसतं झालं. ३० मे २०२१ रोजी कांदिवलीच्या एका बड्या सोसायटीत लसीकरण शिबिर भरलं. ३९० जणांनी प्रत्येकी १,२६० रुपये मोजून दंड पुढे केले. दुसऱ्या दिवशी कुणाला ताप नाही, कुणाचं अंग दुखेना. बरं वाटत असल्यामुळे माणसं घाबरली, असा वैद्यकीय इतिहासातला हा दुर्मीळ प्रसंग. मग प्रमाणपत्रं आली ती वेगवेगळ्या रुग्णालयांच्या नावांनी, आणि त्या रुग्णालयांनी तर हात वर केले. त्या महिन्याभरात मुंबईत अशा बनावट शिबिरांमध्ये २,०५३ जण फसल्याचं उच्च न्यायालयाला सांगण्यात आलं. पुढे डिसेंबरात बिहारच्या अरवल जिल्ह्यातल्या करपी आरोग्य केंद्राच्या नोंदींत नरेंद्र मोदी, अमित शहा, सोनिया गांधी आणि प्रियांका चोप्रा एकाच यादीत सापडले. इतकी सर्वपक्षीय रांग संसदेतसुद्धा लागत नाही. दोघा संगणक चालकांची नोकरी गेली. यंत्र सही करतं ती समोर आलेल्या नोंदीवर, दंडावर नव्हे. नोंद खोटी असली तरी सही अस्सलच. अस्सल सहीचं खोटं प्रमाणपत्र ही साध्या खोट्या प्रमाणपत्रापेक्षा वाईट वस्तू, कारण ती कितीही तपासली तरी हिरवी बरोबरची खूणच येते.

आपलंच काय ते असं, या नेहमीच्या आत्मनिंदेला इथे जागा नाही, हे युरोपने सिद्ध केलं. युरोपीय संघाचं डिजिटल कोविड प्रमाणपत्र १ जुलै २०२१ पासून लागू झालं. ते नियमांनी बांधलेलं, अभ्यासलेलं, शिस्तीचं होतं. त्याच ऑक्टोबरात अ‍ॅडॉल्फ हिटलर या नावाचं प्रमाणपत्र इंटरनेटवर फिरू लागलं आणि सरकारी तपासणी अ‍ॅपांनी ते वैध ठरवलं. पाठोपाठ मिकी माऊसनेही लस घेतली. सह्यांच्या किल्ल्या चोरीला गेलेल्या नाहीत, असा निर्वाळा युरोपीय आयोगाने दिला. कुणीतरी प्रमाणपत्रं देणाऱ्या यंत्रणेतूनच ती रीतसर काढली होती. म्हणजे कुलूप शाबूत, किल्ली शाबूत, फक्त दार उघडं. ती रद्द होईपर्यंत हिटलरला बर्लिनच्या कॅफेत मास्क उतरवून कॉफी पिता आली असती आणि वेटरने त्याला "धन्यवाद, या आत" म्हटलं असतं.

खोट्याची कथा ही अशी. खासगीपणाची याहून मजेशीर आहे, कारण तिथे चोराची गरजच पडली नाही. लस घेतली की माणूस लसीकरण केंद्रातल्या सेल्फी पॉइंटपाशी जायचा, मग घरी येऊन प्रमाणपत्र फेसबुकवर टाकायचा. त्यावर 'अभिनंदन', 'शतायुषी व्हा', 'कुठे मिळाली हो कोव्हॅक्सिन?' अशा प्रतिक्रिया यायच्या. मे २०२१ मध्ये केंद्र सरकारच्या मायगव्हने लस घेतल्याचा फोटो आणि घोषवाक्य पाठवा, ५,००० रुपये जिंका, अशी स्पर्धा काढली. त्यानंतर थोड्याच दिवसांत गृह मंत्रालयाच्या सायबर दोस्तने इशारा दिला, की लसीचं प्रमाणपत्र समाजमाध्यमांवर टाकू नका, भामटे त्यातली माहिती वापरतील. मायगव्हला फोटो हवा होता आणि सायबर दोस्तला प्रमाणपत्र नको होतं, हा फरक बारीक होता. उत्साहाच्या भरात जनतेने दोन्ही टाकलं. तोवर झेरॉक्सच्या दुकानांत नवा धंदा जोरात आला होता. प्रमाणपत्र एटीएम कार्डासारखं प्लास्टिकवर छापून द्यायचा. "पीडीएफ व्हॉट्सअ‍ॅप करा," दुकानदार म्हणायचा, आणि गल्लीतला प्रत्येक नागरिक आपली जन्मकुंडली एका अनोळखी डेस्कटॉपवर ठेवून यायचा. एका मोबाइल क्रमांकावर चौघांची नोंदणी होत असे, जानेवारी २०२२ पासून सहांची. त्यामुळे ज्याला संगणकातलं कळतं अशा वाड्यातल्या एखाद्या बंड्याच्या फोनमध्ये आजोबा, आजी, दोन मावश्या आणि दूधवाला मुक्कामाला असायचे. ओटीपी त्याच्याकडे, प्रमाणपत्रं त्याच्याकडे, आणि त्याचा फोन पब्जी खेळायला भावाकडे.

यावर एक हमखास आक्षेप येतो, आणि तो घेणारे बहुधा पाय पसरून आरामखुर्चीत बसलेले असतात. "आम्हाला काय लपवायचंय? लस घेतली ही काय चोरी आहे?" चोरी नाहीच. लस घेतली हे खुशाल गावभर सांगावं. प्रश्न तिच्या सोबत गेलेल्या गोष्टींचा आहे. "सर, बँकेतून बोलतोय" म्हणणाऱ्याला तुमचं पूर्ण नाव, वय, आधारचे शेवटचे चार आकडे आणि तुम्ही कुठल्या भागात लस घेतलीत हे आधीच माहीत असेल, तर तो बँकेचाच वाटतो. उरते जन्मतारीख. महाराष्ट्रातल्या एका अख्ख्या पिढीची जन्मतारीख हेडमास्तरांनी १ जून लिहून ठेवलेली आहे, त्यामुळे वयावरून साल काढता आलं की भामट्याचं निम्मं काम आपल्या शिक्षण खात्यानेच करून ठेवलेलं असतं. आणि काहीच लपवायचं नाही म्हणणारे हेच गृहस्थ एटीएममध्ये पिन दाबताना यंत्राला अशी मिठी मारतात, की मागच्याला वाटावं यांना भोवळ आली.

गंमत म्हणजे जन्मतारखेच्या बाबतीत कोविन मुळात संयमी होतं. मोठ्यांचं फक्त जन्मवर्ष घ्यायचं, पत्ता घ्यायचाच नाही, हे धोरण शहाणपणाचंच होतं. त्या शहाणपणालाच ब्रिटनने सप्टेंबर २०२१ मध्ये अडवलं. कोविशिल्ड चालेल, तुमचं प्रमाणपत्र चालणार नाही, त्यावर पूर्ण जन्मतारीख नाही, हा त्यांचा मुद्दा. पुण्यात बनलेली लस पुण्यातच टोचून घेतलेल्या पुणेकराला लंडनमध्ये दहा दिवस कोंडून ठेवणार, हा अपमान सदाशिव पेठेने कसा गिळला असेल कल्पना करा. मग परदेशी जाणाऱ्यांसाठी प्रमाणपत्रावर पूर्ण जन्मतारखेची सोय झाली, आपणही ब्रिटिशांना तशीच अट घातली, आणि ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत दोन्ही सरकारं समाधानी झाली. कमी माहिती मागणारी व्यवस्था जगात संशयास्पद ठरते, हा त्यातला धडा कुणी शिकला नसेल तर बरं. राष्ट्राध्यक्षही यातून सुटत नाहीत. त्याच सप्टेंबरात फ्रान्सचे माक्राँ यांचा आरोग्य पास समाजमाध्यमांवर फिरत होता, कारण लसीकरणाच्या नोंदी उघडायचा अधिकार असलेल्यांपैकी कुणीतरी त्यांची नोंद उघडून बघितली होती. कुतूहल हा सर्वांत जुना संसर्ग, त्यावर तिसरी मात्राही लागू पडत नाही.

मग जून २०२३ उजाडला. मास्क कपाटात गेले होते, प्रमाणपत्र कुणी विचारत नव्हतं, आणि टेलिग्रामवर एक बॉट अवतरला. मोबाइल क्रमांक टाकला की त्या क्रमांकावर नोंदलेल्यांचं नाव, ओळखपत्राचा क्रमांक, लस कुठे घेतली, असं सगळं तो सांगायचा. खासदार, मंत्री, पत्रकार कुणाचीही गय नाही. रांग नाही, शिक्का नाही, झेरॉक्स नाही. सरकारी माहिती इतक्या तत्परतेने नागरिकाच्या हाती पडण्याचा हा विरळा योग. आरोग्य मंत्रालयाने बातम्या निराधार आणि खोडसाळ ठरवल्या. ओटीपीशिवाय माहिती मिळूच शकत नाही आणि आम्ही तर फक्त जन्मवर्ष घेतो, असंही सांगितलं. बॉटने थेट कोविनचा माहितीसाठा उघडलेला दिसत नाही, असं सर्ट-इन या सरकारी संस्थेचं म्हणणं आलं. दहाएक दिवसांत दिल्ली पोलिसांनी बिहारमधून एकाला अटकही केली. निराधार गोष्टीत अटक कशी होते, हा तर्कशास्त्राचा प्रश्न आपण सोडून देऊ. मुद्दा असा, की ओटीपीचा दरवाजा नागरिकासाठी होता. लसीकरण कर्मचाऱ्यांचं लॉगिन आणि इतर संस्थांना दिलेले जोडरस्ते वेगळे होते, हे मंत्रालयाच्याच खुलाशात होतं. आपण मात्र पुढच्या दारी ओटीपीच्या सहा आकड्यांची वाट बघत, नेटवर्कसाठी गच्चीवर हात उंचावून उभे होतो. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा त्याच वर्षी ऑगस्टमध्ये संसदेत मंजूर झाला आणि त्याचे नियम निघाले नोव्हेंबर २०२५ मध्ये. वरातीमागून घोडं असतं हे ठाऊक होतं. इथे वरात घरी जाऊन झोपली, मग घोड्याला खरारा सुरू झाला.

शेवटचा आक्षेप गंभीर आहे आणि तो थट्टेवारी नेण्याजोगा नाही. माणसं मरत होती, प्राणवायू मिळत नव्हता, तेव्हा हे खासगीपणाचे चोचले कुणाला सुचतात? घाईच्या वेळी घाईचे उपाय होणार, हे कबूल. पण इथे घाई आणि खासगीपणा यांचं भांडण होतं कुठे? फ्रान्समध्ये दारावरच्या माणसाच्या अ‍ॅपवर नाव, जन्मतारीख आणि 'वैध' किंवा 'अवैध' एवढंच दिसायचं. कुठली लस, कधी, कुठे, यातलं काही नाही. तपासणाऱ्याने ती माहिती साठवून ठेवायची नाही, हे युरोपच्या नियमात लिहिलेलं होतं. आपल्याही क्यूआरमध्ये त्यासाठी लागणारी सही होतीच. रक्षकाच्या हाती एक साधं अ‍ॅप दिलं असतं, तर नातवाचे फोटो आणि गुडघ्याचा एक्स-रे ओलांडून जाण्याच्या आधीच रांग पुढे सरकली असती. कमी विचारणं हे इथे जास्त वेगाचं होतं, जास्त खात्रीचंही. तरी आपण जास्त विचारलं, कारण जास्त विचारल्याने तपासणी झाल्यासारखी वाटते. देणाऱ्यालाही वाटतं आणि घेणाऱ्यालाही. पुढे मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेच लस न घेतलेल्यांवरचे निर्बंध प्रमाणाबाहेर असल्याचं सांगितलं, तेव्हा विचारायचा प्रश्नही संपला. उत्तरं मात्र जिथे दिली तिथेच राहिली.

तेव्हा वाचकहो, एवढं करा. फोनची गॅलरी उघडा, व्हॉट्सअ‍ॅपमधल्या फायली चाळा. तुमची, आईवडिलांची, शेजाऱ्यांची, घरकामाच्या मावशींची जी जी प्रमाणपत्रं आहेत, त्यातली तुमची एक जपून ठेवा आणि बाकीची काढून टाका. फक्त काढण्याआधी फॅमिली ग्रुपवर "कोणाला हवीत का?" असं विचारू नका. संध्याकाळपर्यंत सगळ्यांची सगळी प्रमाणपत्रं पुन्हा तुमच्याकडे आलेली असतील.